जनावर धरायचं कसं आणि सोडायचं कधी

दवाखान्यात सुई डॉक्टर देतात, जनावर मी धरते. नागपूरच्या प्रतापनगर भागातल्या एका लहान पशुवैद्यकीय दवाखान्यात मी मदतनीस आहे. सकाळी टेबल पुसण्यापासून रात्री सलाईनवरच्या पिल्लाचं अंथरूण बदलण्यापर्यंत सगळं करते, पण दिवसाचा मोठा भाग धरण्यात जातो. नखं कापताना, रक्त काढताना, टाके घालताना, कानात औषध टाकताना. आणि येणारा माणूस दारातूनच सांगतो, "ताई, तो चावत नाही जी." घरी चावत नसेल, मला मान्य आहे. पण अंग दुखत असताना, अनोळखी वासांच्या खोलीत, तोच कुत्रा वेगळा वागतो. तो चावेल की नाही, हे बरंचसं आपण त्याला आणलं कसं, हात कसा लावला आणि धरलं कसं यावर ठरतं.

हे धरणं घरी शिकता येतं. त्याला ताकद लागत नाही. धरणारा जितका जोर लावतो तितकं जनावर बिथरतं, हे मी रोज बघते. म्हणून जे हाताला माहीत आहे ते इथे नीट लिहून ठेवते आहे, मुख्यतः कुत्रा-मांजर पाळणाऱ्यांसाठी.

आजारी पडायच्या आधी

माझं माहेर काटोलकडचं, शेतीवाल्यांचं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळून "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणतात, तसं आमच्याकडेही म्हणत. पण बाबांचा हात बैलांच्या अंगावरून वर्षभर फिरायचा. संध्याकाळी वैरण टाकली की खांद्यापासून खुरापर्यंत एकदा चाचपून बघायचे. त्यामुळे खूर बघायला डॉक्टर आले तरी आमचे बैल खोड्यात न घालता उभे राहत. कुत्र्याच्या पिल्लालाही हेच लागतं.

पिल्लू घरी आलं की रोज दोन मिनिटं द्या. कानाची पाळी उचला, आत बघा, सोडा. ओठ वर करून दात बघा, सोडा. पंजा हातात घ्या, एकेक बोट हलकं दाबा म्हणजे नख बाहेर येतं. शेपूट उचला. पोटाखाली हात घाला. प्रत्येक वेळी आधी हात लावायचा आणि मग खाऊचा कण द्यायचा. क्रम उलटा करू नका. खाऊ आधी दाखवला की पिल्लू खाऊकडे बघतं, हाताचं त्याला काही शिकायला मिळत नाही. पिल्लू चुळबुळ करायला लागायच्या आधीच थांबा. साधारण तीन महिन्यांचं होईपर्यंत ही शिकवण सगळ्यात लवकर रुजते. मोठ्या कुत्र्यालाही शिकवता येतं, फक्त महिने जास्त लागतात आणि एका वेळी एकच जागा घ्यावी लागते.

या दोन मिनिटांचा आणखी एक मोठा फायदा आहे. गोचीड सापडते. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, काखेत, पट्ट्याखाली. आपल्याकडे गोचिडीचा ताप भरपूर दिसतो आणि तो उशिरा लक्षात येतो, कारण सुरुवातीला कुत्रा फक्त जरा कमी खातो आणि एका जागी पडून राहतो. ओठ वर करायची सवय असेल तर हिरडी बघा. बोटाने दाबली की पांढरी होते आणि सोडली की दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवी. मुळातच फिकट दिसली, पिवळट दिसली, किंवा नाकातून रक्त आलं तर त्याच दिवशी घेऊन या.

नाक ओलं आहे की कोरडं, यावरून ताप कळत नाही. कुत्र्याचं अंग आपल्या हाताला नेहमीच गरम लागतं, कारण त्याचं निरोगी तापमानच साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. त्याच्यासाठी वेगळा डिजिटल थर्मामीटर ठेवा. टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारातून मोजायचं. एकाने डोकं छातीशी धरून बोलत राहायचं, दुसऱ्याने शेपूट उचलायची. श्वास मोजायचा तो झोपेत. शांत झोपलेल्या कुत्र्याची छाती मिनिटाला तीसपेक्षा कमी वेळा वर येते. सतत त्याहून जास्त येत असेल तर फोन करा.

दवाखान्यापर्यंत

मांजर सगळ्यात वाईट अवस्थेत पोचतं. कुणी शालीत गुंडाळून अॅक्टिव्हावर आणतं, कुणी भाजीच्या पिशवीत, कुणी पोत्यात तोंड बांधून. सिग्नलला मागून बसने हॉर्न दिला की शालीतलं मांजर उडी मारतं, आणि एकदा रस्त्यावर सुटलेलं घाबरलेलं मांजर हाती लागणं फार कठीण. पिंजरा हवाच. वरचं झाकण निघणारा घ्या. मग मांजराला ओढून बाहेर काढायची गरज राहत नाही. आम्ही वरचं झाकण काढतो, मांजर खालच्या अर्ध्या भागात आपल्याच चादरीवर बसलेलं राहतं आणि डॉक्टर तिथेच तपासतात. महागडा पिंजरा परवडत नसेल तर जाळीच्या दोन सारख्या प्लास्टिक टोपल्या एकावर एक उपड्या घालून चारही बाजूंनी सुतळीने घट्ट बांधा. चालतं, मी स्वतः लोकांना बांधून दिलं आहे.

पण पिंजरा माळ्यावरून त्याच दिवशी काढला तर मांजर तो बघूनच पलंगाखाली जाणार. तो घराच्या कोपऱ्यात कायम उघडा ठेवा, आत जुनी ओढणी टाका, अधूनमधून आत खायला द्या. निघताना वरून कापड घाला. आणि दवाखान्यात आल्यावर पिंजरा खाली जमिनीवर ठेवू नका, कुत्री नाक लावतात. बाकावर किंवा मांडीवर घ्या.

कुत्र्यासाठी घरून पायपुसणं किंवा रबरी चटई आणा, ही माझी कळकळीची विनंती आहे. आमचं टेबल स्टीलचं. त्यावर पाय घसरला की कुत्र्याला पडायची भीती वाटते आणि तो नखं रोवायला, धडपडायला लागतो. लोकांना वाटतं सुईला घाबरला. पायाखाली घरची चटई टाकली की तोच कुत्रा उभा राहतो.

आपल्या गावचं ऊन वेगळं सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना लसीसाठी दुपारी येऊ नका. सकाळी दहाच्या आत या, नाही तर सूर्य मावळल्यावर. निघण्याआधी हाताची पालथी बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सहन होत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही होणार नाही. बंद गाडीत त्याला ठेवून आत नंबर लावायला येऊ नका, काच थोडी उघडी असली तरी नाही. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, तर उभी गाडी काही मिनिटांत तापते.

ऊन लागलेला कुत्रा जोरजोरात धापतो, लाळ चिकट आणि दाट होते, हिरड्या लालभडक होतात, चाल लटपटते. अशा वेळी आधी घरीच थंड करायला सुरुवात करा आणि मग निघा. नळाचं साधं पाणी पोटावर, मांड्यांच्या आत, पायांवर ओता आणि पंखा किंवा कूलर समोर लावा. पाणी उडून गेलं की अंग निवतं. बर्फाचं पाणी नको. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, थोड्या वेळात तोच गरम होतो आणि उष्णता आत धरून ठेवतो. तापमान १०३ पर्यंत उतरलं की पाणी थांबवा. आणि अशा कुत्र्याच्या तोंडाला काहीही बांधू नका, धापण्यावरच तो जगतो आहे.

टेबलावर

कुत्र्याच्या समोरून, वाकून, डोळ्यांत बघत जाऊ नका. बाजूने या, खाली बसा, अंग तिरपं ठेवा आणि त्याला वास घेऊ द्या. चावण्याच्या खूप आधी तो सांगत असतो. भूक नसताना जीभ ओठांवरून फिरवतो. झोप नसताना जांभई देतो. कान पाडतो, अंग चोरतो, डोळ्याचा पांढरा भाग कडेला दिसायला लागतो. मग एकदम स्तब्ध होतो. लोकांना हे स्तब्ध होणं शहाणपण वाटतं, मला त्याची सगळ्यात जास्त काळजी वाटते. गुरगुरला म्हणून त्याला कधीच मारू नका. गुरगुरण्यावर मार खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी न गुरगुरता चावतो.

उभ्या कुत्र्याला धरायचं असं. त्याच्या बाजूला उभे राहा. एक हात गळ्याखालून पलीकडे न्या म्हणजे त्याची मान तुमच्या कोपराच्या वळणात बसेल आणि तोंड तुमच्या चेहऱ्यापासून दुसरीकडे राहील. दुसरा हात पोटाखालून किंवा पाठीवरून घालून त्याला आपल्या अंगाशी टेकवा. दाबायचं नाही, टेकवायचं. हात गळ्यावर आवळला जाऊ नये, श्वासाची जागा मोकळी हवी. तो हलला की तुम्हीही थोडं हला, तो थांबला की पकड लगेच सैल करा. थांबल्यावर मोकळं वाटतं, हे त्याच्या लक्षात आलं की निम्मं काम झालं.

पुढच्या पायातून रक्त काढायचं असेल तर पोटाखालचा हात काढून त्याच्या कोपराच्या मागे जातो, पाय पुढे सरळ करतो, आणि अंगठा कोपराच्या वळणावर शीर दाबून जरासा बाहेरच्या बाजूला फिरवतो. शीर फुगून वर येते. रक्त यायला लागलं की अंगठा उचलायचा, पण पाय सोडायचा नाही. हे आम्ही करतो, तुम्हाला करायची गरज नाही. पण काय चाललं आहे हे माहीत असलं की मालक मध्येच "झालं का, झालं का" करत हात घालत नाहीत.

मालकाने डोक्याकडे उभं राहावं, हळू आवाजात, एका लयीत बोलत राहावं, रोज जे बोलता तेच. रडवेल्या सुरात "अरे माझ्या राजा, काय करून राहिले तुला" म्हटलं की कुत्र्याला कळतं, काहीतरी वाईट चाललं आहे. तुमचेच हात कापत असतील तर बाहेर थांबा. त्यात कमीपणा नाही. काही कुत्री मालक बाहेर गेल्यावर जास्त शांत होतात.

मुसकं बांधणं म्हणजे शिक्षा असं अनेकांना वाटतं. तसं नाही. बांधलेल्या मुसक्यामुळे आम्ही घाई करत नाही, हात हलके राहतात, काम लवकर होतं. तयार मुसकं नसेल तर सव्वा मीटर बँडेजची पट्टी घ्या. मधोमध सैल फास करा, नाकावरून सरकवा, पहिली गाठ नाकाच्या वर. टोकं हनुवटीखाली नेऊन एकमेकांवरून ओलांडा आणि कानांच्या मागे ओढली की सुटेल अशी गाठ मारा. काम झालं की लगेच सोडा. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्याला, उलट्या होत असलेल्याला, धापणाऱ्याला हे बांधायचं नाही. मांजराला तर नाहीच.

मांजराला मानेची कातडी पकडून उचलणं बंद करा. आई पिल्लाला तसं उचलते म्हणून मोठ्या मांजराला ते चालतं असं नाही, ते घाबरून थिजतं. जाड टॉवेल अंगावर टाका, दोन्ही बाजूंनी मानेशी जवळ आणा, लहान बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसं गुंडाळा. डोकं बाहेर. पंजा हवा असेल तर तेवढाच बाहेर काढायचा.

आता सोडायचं कधी. जीभ किंवा हिरड्या निळसर दिसल्या, लगेच सोडा. मांजर तोंड उघडून श्वास घ्यायला लागलं, लगेच सोडा आणि डॉक्टरांना ओरडून सांगा, मांजरात हे साधं लक्षण नाही. आणि जनावर जिवाच्या आकांताने झटत असेल तर स्वतःला विचारा, हे आजच व्हायला हवं का? नखं आज राहिली तर चालतं. लस उद्या चालते. आमचे डॉक्टर अशा जनावराला पुढच्या वेळी घरून निघण्याआधी द्यायची गोळी लिहून देतात, मग ते शांतपणे येतं. ती गोळी डॉक्टरांनीच वजन बघून ठरवायची असते, शेजारच्यांच्या कुत्र्याची उरलेली द्यायची नाही. पण बोक्याची लघवी अडली असेल, मोठ्या कुत्र्याचं पोट एकदम फुगलं असेल, तर थांबून चालत नाही. मग आम्ही भूल देऊन का होईना, करतो.

घरी औषध

कुत्र्याला गोळी देण्यासाठी तीन घास करा. पोळीचा मऊ भाग, पनीर, उकडलेल्या अंड्याचा पिवळा, जे आवडेल ते. पहिला घास रिकामा. दुसऱ्यात गोळी. तो तोंडात गेला की तिसरा लगेच नाकासमोर धरा. तिसऱ्याच्या ओढीने दुसरा न चावता गिळला जातो.

मांजराला घासात फसवणं अवघड. टॉवेलमध्ये गुंडाळा, वरचा जबडा दोन्ही गालांकडून धरून डोकं किंचित मागे करा, खालचा जबडा बोटाने उघडा, गोळी जिभेच्या मुळाशी टाका. आणि यानंतरची पायरी बहुतेक लोक सोडून देतात. सुई काढलेल्या सिरिंजने पाच मिली पाणी हळूहळू पाजा. कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून राहते. डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी तशी अडकली तर आतून जखम होते, आणि ती भरताना नळी आकसते. मग मांजर जेवण गिळूच शकत नाही. पाच मिली पाण्याने हे टळतं.

पातळ औषध नेहमी गालाच्या कडेने, सुळ्याच्या मागे, थोडं थोडं द्यायचं. आवंढा गिळला की पुढचं. डोकं आकाशाकडे करून ओतलं तर औषध फुफ्फुसात जातं. गाई-बैलांनाही हेच लागू. अजून गावाकडे जीभ बाहेर ओढून बांबूच्या नळीने तेल पाजतात. जीभ ओढलेली असताना जनावराला गिळताच येत नाही. पोटफुगी बरी होते आणि न्यूमोनियाने जातं.

घरातली माणसांची गोळी देऊ नका. मांजराच्या शरीरात पॅरासिटामॉल मोडून टाकण्याची सोय नाही. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी जीव घेऊ शकते. चेहरा सुजतो, हिरड्या तपकिरी पडतात. कुत्र्याला आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक दिलं की पोटात रक्तस्राव आणि किडनीला धोका. दिलंच असेल तर लपवू नका, पाकीट घेऊन या. आम्ही रागावत नाही, आम्हाला फक्त किती आणि केव्हा हे हवं असतं.

चावलं तर

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही लावू नका. मग मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत, नाही तर जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. दंडाच्या स्नायूत घेतात त्या रेबीजच्या लसीचे दिवस ०, ३, ७, १४ आणि २८. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) विचारून घ्या. ओरखडासुद्धा सोडू नका. घरचा, लस झालेला कुत्रा असला तरी डॉक्टरांना विचारा. माझी आधीपासूनची लस झाली आहे, तरी दात लागला की त्याच दिवशी आणि नंतर तिसऱ्या दिवशी असे दोन डोस घेतेच. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस वाचवता येत नाही, म्हणून यात एक दिवसाचीही ढिलाई मला चालत नाही.

संक्रांतीची पाखरं

नागपुरात संक्रांत म्हणजे पतंग. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाची २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी जानेवारीत आमच्याकडे कापलेल्या पंखांची कबुतरं, बगळे, घारी येतातच. झाडात लटकलेलं पाखरू दिसलं तर मांजा ओढू नका, तो आणखी आत जातो. दोन्हीकडून वीतभर दोरा ठेवून कापा. पाखरावर हलकं कापड टाका, दोन्ही पंख अंगाशी मिटवून धरा. छाती दाबायची नाही. पाखरांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढे-मागे हलवूनच ती श्वास घेतात. हौसेने मुठीत घट्ट धरलेलं पाखरू हातातच गुदमरतं. घार असेल तर आधी पायांची नखं सांभाळा, चोच नंतर. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका, आणि वनविभागाच्या सेमिनरी हिल्सवरच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला (जखमी वन्यजीवांच्या उपचार केंद्राला) कळवा.

घरी परतल्यावर

घरात दोन मांजरं असतील तर दवाखान्यातून आलेल्याला थेट दुसऱ्यासमोर सोडू नका. त्याच्या अंगाला स्पिरिटचा, कुत्र्यांचा, आमच्या हातांचा वास असतो, आणि घरचं मांजर त्याला ओळखत नाही, फिस्कारतं. काही तास वेगळ्या खोलीत ठेवा. दोघांच्या अंथरुणाची कापडं अदलाबदल करा. आलेल्याने अंग चाटून झालं, जेवण झालं, की दार उघडा. फरशी पुसायला फिनाईल वापरू नका, त्यातलं द्रव्य मांजराला विषारी असतं आणि पंजे चाटताना ते पोटात जातं. पिंजरा धुऊन वाळवा आणि माळ्यावर न टाकता परत कोपऱ्यात उघडा ठेवा, आत तीच ओढणी.